ह्यांचा नवा हात

राजधानी झाल्यावर रायपुरात हळूहळू सगळंच मिळायला लागलं. आमच्या गुढियारीच्या घरात बॅटरीवर चालणारा हात आला.

ह्यांचा उजवा हात कारखान्यात यंत्रात सापडून गेला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून शर्टाची बटणं मी लावायची, संत्रं मी सोलायचं. लग्नकार्यात ह्यांच्या पोळीचे तुकडे करून दिल्यावरच मी जेवायला बसायची. बायका म्हणायच्या, "किती करते हो ही!" मला ते ऐकायला आवडायचं.

नव्या हाताला उरलेल्या दंडाचे स्नायू हलले की कळायचं आणि बोटं मिटायची. हे दिवसदिवस आरशापुढे बसून सराव करायचे. एका सकाळी मी बटण लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे, मी करून राहिलो ना." चहा पार थंड झाला, पण बटणं लागली.

मग मोहल्लाभर कौतुक. झोपण्याआधी माझा मोबाइल काढून त्या जागी हात चार्जिंगला लागायचा. मऊ कपड्यानं हे त्याचं एकेक बोट पुसायचे. माझी बोटं त्यांनी अशी कधी निरखली होती?

पंडरीच्या कापडबाजारात साडी घ्यायला गेलो, तर दुकानदार साड्या सोडून तो हातच पाहत बसला. "भैया, एक बार और पकड़ के दिखाओ!" हे पुन्हापुन्हा पिशवी उचलून दाखवत होते. मी साडी न घेताच बाहेर पडले.

"काहून चिडली?" मागून येत ह्यांनी विचारलं.

"मले काय काम उरलं आता?"

"हातावर जळते का तू?" ते हसले.

"हव. जळते."

त्यांचं हसू थांबलं. थोडं चालून म्हणाले, "तू बटणं लावायची ना, तेव्हा मी वर छताकडे पाहायचो. लाज वाटे मले. लहान पोट्ट्यासारखं वाटे."

इतकी वर्षं ते छताकडे का पाहतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी नागपूरला बहिणीकडे गेले, लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी. ह्यांचा रोज फोन यायचा.

"जेवलात का?" मी विचारायची.

"जेवलो. माझ्या हातानं वाढून घेतलं."

चांगलंच होतं ते. तरी ऐकून माझ्या पोटात दुखायचंच.