गाठींच्या खोलीतली कॅसेट

आजवर मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. जत्रेत माईकवरून सांगितल्या, वर्गात सांगितल्या, एस.टी.च्या बाकावर अनोळखी माणसाला सांगितल्या. ही एक मात्र कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण काही नाही. सांगतोय.

पण आधी घर सांगू द्या.

आमचं मेंढरांचं घर. दिवाळी सरली की आबा — म्हणजे माझे वडील — कळप घेऊन गोदावरीच्या अंगानं निघायचे. आई आणि बहिणी मागं, बिऱ्हाड तट्टावर. ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्यानं लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायची, अशी रीत. कुणी द्यायचं, कुणी ‘उद्या या’ म्हणायचं, आणि उद्या आम्ही पुढच्या गावात. माझी शाळा बुडू नये म्हणून मला आत्याकडं ठेवलं होतं. वर्षातले आठ महिने आई दिसायची नाही. एकटं राहायची सवय मला तेव्हापासून आहे, आता नवीन लागलेली नाही.

एका सुटीत मी कळपाबरोबर होतो. देवगाव फाट्याजवळ एका बड्या शेतकऱ्याचा बैल फुगला. आबा बांधावरून म्हणाले, “कवळा चारा लय झालाय त्याला. बसू दिऊ नका. जवसाचं तेल पाजा.” तो म्हणाला, “तू तुझी मेंढरं बघ.” दुपारी जीपमधून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बैलाच्या कुशीवर टिचकी मारली आणि आबांचंच वाक्य परत म्हटलं — बसू देऊ नका, तेल पाजा. त्यांना बाज टाकली, चहा आला. आबा तिथंच बांधावर उभे होते. मला म्हणाले, “बघ, बरूबर निघालं का न्हाई.” ते खूश होते. मी नव्हतो.

त्या दिवशी मी ठरवलं, आपण शिकायचं. शिकलेल्याचं लोक ऐकतात.

शिकलो. बी.एससी. झालो. आमच्या भावकीत माझ्या आधी कुणी कॉलेजचं दार बघितलेलं नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. परभणीत शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि सुट्यांत, जत्रांत, एका ऑर्केस्ट्राचा निवेदक झालो. दोन गाण्यांच्या मधे वादक सूर लावतात, घाम पुसतात, तेवढा वेळ पब्लिक धरून ठेवायचं — हे माझं काम. ते मला फार चांगलं यायचं.

ऑर्केस्ट्राचे मालक अकॉर्डियन वाजवायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. गिटारवर दिलीप, पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. इंग्रजी रॉक गाणी ऐकणारा आमच्यात तो एकटा. रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं आणायचा आणि मला वाचायला लावायचा. कोणत्या बँडनं न्हाणीघरात उभं राहून गाणं म्हटलं, कुणाचा ध्वनिमुद्रक एका टाळीसाठी दिवसभर अडून बसला — असल्या गोष्टी. मला वाटलं, यांच्या गोष्टी छापून येतात, मग आमच्या का नाहीत? जिंतूरच्या कार्यक्रमात ढोलकीचं कातडं फाटलं तेव्हा आमच्या ढोलकीवाल्यानं शेवटची तीन गाणी पत्र्याच्या डब्यावर निभावली. हे कोण लिहिणार? मी लिहायला लागलो. प्रत्येक वादकाची गोष्ट, वर त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. दोनशे पानी वह्या. आज मास्तर नाहीत, ढोलकीवाला नाही, दिलीप बदली होऊन दूर गेला. वह्या माझ्याकडं आहेत.

त्या वह्यांतली एक गोष्ट खोटी आहे.

तीच सगळ्यांत गाजली.

आमची एकच कॅसेट निघाली. मास्तरांच्या ओळखीनं एक जिनिंग, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, मिळालं — हंगाम सरला होता, यंत्रं बंद होती, पत्र्याचं मोठं शेड रिकामं. औरंगाबादहून भाड्यानं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं, दोन माईक आणले. आणि पहिल्या दिवशी सगळं वाया गेलं. पत्र्याखाली आवाज असा घुमायचा की गाणारा एक आणि ऐकू यावेत चार. ताडपत्री लावून बघितली. दारं लावून बघितली. मास्तर डोकं धरून बसले.

कौसाबाई तिथं झाडायला होती. हंगामात रुई वेचायची, हंगाम सरला की झाडलोट. झाडू हातात धरूनच म्हणाली, “मास्तर, हितं कशाला बसलाव? आवाज घुमायलाय. गाठीच्या खोलीत बसा, कापूस भरलाय तिथं. आतून किती बी बोंबला, दाराशी ऐकू येत न्हाई. कापूस आवाज खातो.”

मास्तर म्हणाले, “बाई, तू झाड. का गिटार बी वाजवतीस?”

सगळे हसले. मीही हसलो. ती पण हसली आणि झाडायला लागली.

रात्री मी माझ्या राहायच्या खोलीवर आलो, आणि — खरं सांगतो — लाज वाटली. तिची नाही, माझी. ध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवतो. मऊ, सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषून घेतात, उदाहरणार्थ कापूस. फळ्यावर लिहितो, पोरांकडून पाठ करून घेतो. आणि कापसाच्या शेजारी दिवसभर बसून माझ्या डोक्यात तो आला नाही. तिच्या आला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हणालो, विलायतेतले रॉक बँडवाले कापसाच्या गाठींमध्ये बसून रेकॉर्डिंग करतात. मी इंग्रजी मासिकात वाचलंय.

असं मी कुठं वाचलं नव्हतं.

मास्तर उठलेच. “मग काल का नाही बोललास?” दिलीपनं विचारलं, कोणत्या मासिकात. मी म्हणालो, रद्दीत गेलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग गिटार उचलून गाठींच्या खोलीकडं गेला. कौसाबाई तिथंच होती. खोली झाडून द्यायला तिलाच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. काम तर झालं ना. मास्तरांनी तिचं ऐकलं नसतं, माझं ऐकलं. पण मी ‘कौसाबाई म्हणते ते बरोबर आहे’ असं म्हणू शकलो असतो. बी.एससी. माणूस तसं म्हणाला असता तर ते ऐकलं गेलं असतं. मग का नाही म्हणालो?

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची. गावोगाव माणसं नाव ऐकून, वस्ती विचारून बोलायची. कौसाबाई कोणत्या वस्तीतली, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मोठ्या गावांतून यायच्या, पाटलांच्या पारावरून. मी भ्यायलो — हे खरं. पण भीतीच्या खाली अजून एक होतं. मला ती गोष्ट हवी होती. वाचलेला माणूस म्हणून.

कॅसेट निघाली, चहाच्या हॉटेलांत वाजायला लागली. लोक विचारायचे, आवाज इतका कोरा, जराही न घुमता, कसा आला? मी स्टेजवरून सांगायचो — पत्र्याचं शेड, मास्तरांनी धरलेलं डोकं, आणि मग माझं मासिक. दर वेळी टाळी. दर वेळी थोडं वाढवून.

पोखर्णीच्या जत्रेत आमचा कार्यक्रम ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात काही सामान आणायला मी जिनिंगवर गेलो, तेव्हा कौसाबाई जवळ आली.

“सर, तुमी ती गाठीची गोष्ट सांगता म्हनं.”

मी सामान बांधायला लागलो.

“सांगा की. चांगलं हाय. मी काय म्हनते, पोखर्णीला माझ्या भनीचं घर हाय. पोरीला घिऊन यायलेय मी. तेवढं एक डाव माझं नाव घ्या.”

मी म्हणालो, “तिला तू सांगितलं नाहीस?”

“न्हाई. म्या सांगितलं तर म्हनंल, आई फेकायली. तुमी माईकवरून सांगितलं की खरं होतंय.”

मी म्हणालो, “घेतो.”

घेतो म्हणालो, हे मला स्वच्छ आठवतं. ती झाडू भिंतीला लावून हसली होती.

पोखर्णीत दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पुढं खुर्च्यांवर गावची मोठी माणसं, मागं जमिनीवर पब्लिक, आणि डाव्या कडेला, पाळण्यांच्या बाजूला, कौसाबाई उभी. नवं लुगडं. शेजारी दहा-अकरा वर्षांची पोरगी, रिबिनी बांधलेली. मला दोघी नीट दिसत होत्या. नाही दिसल्या, असं म्हणायची सोय नाही.

मी गोष्ट सुरू केली. शेडपर्यंत आलो. डोकं धरलेल्या मास्तरांपर्यंत आलो. तिथं थांबलो. निवेदकाला थांबायचं कसब असतं, लोकांना वाटलं मी रंग भरतोय. पुढच्या रांगेतले एक पुढारी पान चावायचे थांबले. एक नाव घ्यायचं होतं. दोन अक्षरं आणि बाई.

आणि मी म्हणालो — “आपल्या जिनिंगमधल्या बायांना विचारा, कापसाचं काय होतं. त्या सांगतील, गादी. अहो, विलायतेत त्याच कापसात गाणी भरतात.”

मोठा हशा झाला. त्या गोष्टीला इतका हशा कधी आला नव्हता.

पोरगी हसली. मान वर करून आईकडं बघून हसली — तुझीच चेष्टा झाली, अशी. कौसाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाणं सुरू झालं. गाणं संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. शेवटी टाळ्या पण वाजवल्या.

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तिची युक्ती घेतली, ती परत देता आली असती. पण त्या संध्याकाळनंतर ती पोरीला कधी सांगू शकली असती, की ती युक्ती आईची होती? पोरीनं माईकवरून ऐकलं होतं. खरं झालं होतं.

पुढं एकदा ती भेटली तेव्हा मीच नजर चुकवायला लागलो. ती म्हणाली, “सर, पोरीला गानं लय आवडलं.” बस, तेवढंच. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. आणखी एखादं खोटं तयार होतं माझ्याकडं.

बांधावर उभे असलेले आबा मला त्या वेळी आठवले का? नाही. खूप नंतर आठवले. ते वारल्यावर.

यंदा विद्यापीठाची पाटी बदलली. आमच्या चौकात पेढे वाटले, मलाही दिला. तो हातात धरून मी चालत जिनिंगवर गेलो. ते आता बंद आहे, फाटकाला कुलूप, आत गवत. चौकीदाराला कौसाबाईबद्दल विचारलं.

“कोन्ती कौसा? तीन व्हत्या. एक वारली. एक नांदेडला गेली पोरीकडं. तिसरीचं म्हाईत न्हाई. आडनाव काय?”

मला सांगता आलं नाही. वह्यांमध्ये बत्तीस माणसांची बापासकट नावं आहेत. डब्यावर वाजवणाऱ्याचं आहे. वायर धरणाऱ्याचं आहे.

खोलीवर परत आलो. तिथं माझी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळं उशीर झाला असं काही नसतं. कॅसेट लावली. अजून चांगली वाजते. मग जुनी गोष्ट उभी रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं :

कौसाबाई. जिनिंग, परभणी. आडनाव मला माहीत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमत होता, तेव्हा गाठींच्या खोलीत बसा असं यांनी सांगितलं. मासिक नव्हतं. कॅसेटमध्ये पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज कोरा आहे. तो यांच्यामुळं आला.