आमदार होऊ घातलेल्या शेजाऱ्याचा सत्कार

आमच्या महाराष्ट्र मंडळाने कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या पलीकडच्या टेकड्यांत हॉलसाठी जमीन घेतली, तेव्हा शेजारी कोण आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. शेजारी एक रँचर होता, म्हणजे गाई पाळून विकणारा, आणि कुंपणापलीकडे त्याच्या गाई चरायच्या. शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी होऊन जनावरं बिथरतील, अशी हरकत त्याने काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे घेतली आणि आमची परवानगी अडकली. मी सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे आराखडा आणि काउंटीच्या फेऱ्या माझ्याकडे. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हृदयतज्ज्ञ, आम्हा सगळ्यांचे काका. त्यांना हयातीत हॉल उभा राहिलेला बघायचा होता. भेटतील तिथे तेवढंच विचारायचे.

मग रँचर राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. जाहिरातीत तो घोड्यावर बसून मावळतीकडे बघायचा. जागेच्या कामासाठी मी तिथे सतत जात होते, त्याला घोड्यावर कधी पाहिलं नाही. पिकअपची काच खाली करून मजुरांवर ओरडताना मात्र पाहिलं होतं.

काका खूश झाले. "अगं, आमदार झाला की एक फोन करेल, काम फत्ते."

मी सांगितलं की इथे जमिनीची परवानगी आमदार देत नाही, काउंटी देते. आणि हरकत मागे घ्यायला त्याला आमदार व्हायची गरज नाही, उद्यासुद्धा घेता येईल. कमिटीने माझ्याकडे दयेने बघितलं. सगळी अर्धं आयुष्य या देशात काढलेली, चांगली शिकलेली माणसं. पण आमदार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अजून गावाकडचा बंगला आणि बाहेर निवेदनं घेऊन बसलेले लोकच यायचे.

गणपतीत शाळेच्या जिममध्ये त्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. हॅट काढायला तो तयार नव्हता, म्हणून पगडी हातात दिली. फोटोसाठी बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांच्याही पुढे त्यांचे नवरे. तुम्ही गाईला देव मानता, मीही आयुष्य गाईंतच घालवलं, असं तो भाषणात म्हणाला. जोरात टाळ्या पडल्या. त्याच्या गाई शेवटी कुठे जातात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आभार माझ्याकडे होते. ते मानून झाल्यावर मी माइकवरच विचारलं, "आमच्या हॉलवरची हरकत तुम्ही मागे घेणार का?"

तो हसला. "मॅडम, निवडून आलो की नक्की बसून बोलू."

पुन्हा टाळ्या. स्टेजवरून उतरताना काकांनी मला दटावलं, "मोठ्या माणसाला असं चारचौघांत धरतात का? चिडला म्हणजे?"

तो निवडून आला. आमच्या फोनला त्याच्या ऑफिसातून उत्तर आलं नाही. काउंटीच्या सुनावणीला मात्र स्वतः आला. म्हणाला, हे फार चांगले लोक आहेत, मी त्यांच्या सणाला गेलो होतो, आणि म्हणूनच खात्रीने सांगतो की यांच्या कार्यक्रमाला किती गाड्या येतात. पार्किंग मिळायला त्याला किती वेळ लागला, तेही त्याने सांगितलं.

परवानगी नाकारली. काकांनी दाराशी त्याला गाठून विजयाबद्दल अभिनंदन केलं. मी गाडी सुरू करून त्यांची वाट बघत बसले.

हॉलशिवाय जमीन ठेवण्यात अर्थ नव्हता. ती विकायचं ठरलं त्या मीटिंगमध्ये चांगलं गिऱ्हाईक कसं मिळवायचं यावर चर्चा झाली. काका म्हणाले, "आमदारसाहेबांच्या कानावर घालू. त्यांच्या ओळखी खूप."

सगळ्यांनी माना डोलावल्या.