भागीरथाची भोजली

पडदा वर जातो. मागे खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या, कुणी चादरीवर रंगवून टांगाव्यात तशा. डाव्या अंगाला राखेच्या ट्रकांचं वळण. उजवीकडे एक पायवाट, तिच्या टोकाशी वीटभट्टी. मधोमध चहाची टपरी. टपरीच्या पत्र्यावर, बाकड्यावर, बरण्यांच्या झाकणांवर राखेचा मऊ थर. तो रोज पुसायचा आणि रोज पुन्हा बसू द्यायचा. हे काम करणारी बाई मंचावर आधीपासूनच उभी असते, पाठमोरी. ती वळते. साठीची, काटक, नाकात मोठी फुली. ही भागीरथा.

तिचा आवाज काय सांगावा! बिनमाईकचा शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. ट्रकवाल्यांशी ती नागपुरी बोलायची, भट्टीवरच्या बायांशी छत्तीसगढी, आणि साहेब लोकांशी दोन्हींची खिचडी. आईबापांनी बिलासपूरकडच्या गावातून तिला याच नदीकाठी आणलं होतं, परकरात असताना. विटा थापून तिचे तळवे गेले, लग्न इथेच झालं, नवरा इथेच मातीत गेला. गाव तिला इथली म्हणायचं नाही आणि तिथलीही म्हणायचं नाही. तिने मग दोन्हीकडच्या लोकांची कामं अंगावर घेतली.

दरवर्षी राखीच्या सुमाराला टपरी बंद करून ती बिलासपूरकडच्या गावांना जायची. भट्ट्यांचे सरदार, म्हणजे मजूर गोळा करणारे मुकादम, दिवाळीनंतर येत. त्यांच्या आधी हिने पोचायचं. झाडाखाली बाया जमवायच्या आणि सांगायचं, आजारी पडलं तर सुटी मागायची, मारलं तर माझ्याकडे यायचं. एका साली तिथल्या एका गावात भोजलीचा सण होता. टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे तुरे तळ्यात सोडतात आणि दोन बाया एकमेकींच्या कानामागे ते खोवतात. मग त्या जन्माच्या बहिणी. एकमेकींना भोजली म्हणायचं, नाव मात्र मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. काढलं की नातं तुटलं. एका तरुण बाईने सगळ्यांसमोर तो तुरा भागीरथाच्या कानामागे ठेवला. परक्या गावात मिळालेली ही एकुलती एक बहीण.

त्याच विश्वासावर ती बाई नवरा आणि मुलीला घेऊन खापरखेड्याच्या भट्टीवर आली.

फाल्गुनात तिला ताप आला. घरी जाते म्हणाली, तर भट्टीच्या शेठने मुलीसकट कोळशाच्या खोलीत कोंडलं. भट्टीवर नवराबायको मिळून एक जोडी असते; बाई गेली की नवऱ्याचे हात अर्धे होतात, हे शेठचं गणित. पाण्याला आलेल्या एका बाईने भागीरथाच्या टपरीशी हंडा टेकवून ते सांगितलं आणि मागे न बघता निघून गेली.

भागीरथा तडक नागपूरला वैभवीकडे गेली. वैभवी मजुरांचे खटले चालवणारी तरुण वकील. तहसीलदारांना अर्ज लिहिता लिहिता तिने विचारलं, "मावशी, बाईचं नाव?"

"नाव तिथंच समजन."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माह्या बहिणीसारखी आहे. साहेबाले दाखवीन ना डोळ्यानं. नावाचं काय करता?"

"काहून, भीती वाटते का?"

"भीती कायची वं. लिही तू."

वैभवीने लिहिलं, एक महिला कामगार आणि तिची लहान मुलगी. भागीरथाची समजूत अशी की साहेब येतील, खोली उघडतील, ती बोट दाखवील. बोट दाखवायला नाव कशाला लागतं?

साहेब आले. पण साहेबांच्या आधी बातमी आली होती. भट्टीवर झाडलोट झालेली, कोळशाची खोली सताड उघडी, आत फक्त कोळसा. वाळत घातलेल्या विटांच्या रांगेसमोर बाया उभ्या, पदर नाकापर्यंत. त्यातून एका बाईला पोरीसकट पुढे केलं गेलं.

"हीच का?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"नाही साहेब. ही वेगळी आहे."

"हिला विचारलं, ही खुश आहे म्हणते."

"हे खुश असन. मी म्हणते ते दुसरी."

बाजूला सरदार धर्मेंद्र बसला होता. त्याच गावचा. भोजलीच्या दिवशी तळ्याच्या पाळीवर तोही होता, शेंगदाणे खात. तो उठला, पँट झटकली.

"साहेब, जास्त झंझट नको. मोसीले नाव विचारा. एक नाव. आपण पूरी भट्टी धुंडू."

भागीरथाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही.

"सांगा बाई, नाव," साहेब म्हणाले.

तिने बायांच्या रांगेकडे पाहिलं.

"ज्याचं नावच माहीत नाही त्याची लय चिंता," धर्मेंद्र म्हणाला. "साहेब, हे दुसऱ्या भट्टीची दलाल आहे. आमचे लोक पळवते. चहा विकणं तं दिखावा."

कुणीतरी हसलं. वैभवी जवळ येऊन कानात म्हणाली, "मावशी, प्लीज. नाही तर ते आत्ता चौकशी बंद करतील."

नाव का निघत नाही, हे रांगेतल्या बायांना ठाऊक होतं. त्यांतल्या दोघीतिघींनी भोजलीच्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. एकीने पदराआडून मान हलवली, नको. कोंडलेल्या बाईचा नवरा विटांकडे बघत उभा. त्याने तोंड उघडलं असतं तर भागीरथा वाचली असती. त्याने नखाने विटेवरची माती खरवडली.

भागीरथाच्या डोक्यात एकच होतं. नातं राहील आणि बाई जाईल, की बाई राहील आणि नातं जाईल. तो मोठा आवाज त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. ओठ हलले तेव्हा साहेबांना कान पुढे करावा लागला.

"बुधियारिन."

रांगेतल्या बायांनी एकेक करून तोंडं फिरवली. आवाज नाही, शिव्या नाहीत. नुसत्या पाठी.

साहेबांनी हजेरीची वही मागवली. बोट फिरवत गेले, उलटे परत आले. "या नावाची कोणी नाही इथे."

"बायांची नावं राहतच नाही साहेब," शेठ अदबीने म्हणाला. "माणसाचं नाव लिहितो आम्ही, पुढे जोडी. पहिल्यापासून तसंच आहे."

साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "तुझी बायको कुठे?"

"गाँव गई है साहब."

"खुशीने?"

"हाँ साहब."

वैभवी बोलत राहिली, कायदा, कलम, कोळशाची खोली. साहेब जीपमध्ये बसले. तक्रारीत तथ्य नाही, असं ते कागदावर लिहिणार होते, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

धर्मेंद्र टपरीवर आला, बाकडं हाताने पुसून बसला. "एक कट दे वं मोसी. नाव फुकटच गेलं ना?"

तिने चहा दिला. गिऱ्हाईक होता.

बुधियारिनला मुलीसकट आदल्या रात्रीच सावनेरकडच्या भट्टीवर नेलं होतं, शेठच्या मेव्हण्याच्या. हंगाम संपेपर्यंत तिथे ती राबली. मुलीला माती कालवायच्या यंत्रापाशी उभं केलं होतं. यंत्राने उजव्या हाताची बोटं नेली. तेवढं झाल्यावर दोघींना रेल्वेत बसवून दिलं, निरुपयोगी म्हणून.

हे भागीरथाला पावसाळ्यात कळलं. राखीच्या सुमाराला तिने टपरी बंद केली आणि नेहमीसारखी गेली. वैभवी म्हणाली, या वर्षी नको. ती गेली. झाडाखाली दुपारभर बसली. कुणी आलं नाही. एका घरी पाणी मागितलं, तर घरातल्यांनी बोट करून विहीर दाखवली. तळ्यावर गाणी चालली होती. टोपल्या डोक्यावर घेऊन बाया तिच्या पुढून गेल्या.

शेवटी ती स्वतःच बुधियारिनच्या दारात गेली. मुलगी ओट्यावर डाव्या हाताने भात खात होती. बुधियारिन चौकटीत आली. अंगाने निम्मी झालेली. आपण नाव घेतलं ते तिला कळलं असेल का, ही शंका भागीरथाला वाटेत होती. ती लगेच फिटली.

"काहून आली, भागीरथा?" तिने नाव घेऊन विचारलं. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं.

भागीरथा पायरीखालूनच म्हणाली,

"या साली सरदार आला, का पहिले हजेरीत तुहं नाव लिहाले लावजो. नवऱ्याचं नाही. तुहं."