मी मांत्रिकाला चष्मा लावला

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. चहा निवायच्या आत हसून घ्या, कारण मी जे सांगणार आहे ते मला स्वतःला अजून हसण्यासारखं वाटत नाही. बहात्तराव्या वर्षी माणसाने नवीन चुका करू नयेत, जुन्याच पुरतात. मी केली. आणि ती डोकं वापरून केली, याचं जास्त वाईट वाटतं.

आमची नात मुक्ता अकरावीला आहे. दर रविवारी दुपारी चारला तिचे वर्गमित्र, ओंकार आणि झोया, आमच्या नवीन पनवेलच्या घरी येतात आणि हॉलमध्ये बसून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. ओंकार सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: समोर गुहा आहे, आत राक्षस आहे, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, आणि आपलं पात्र काय बोलेल, काय करील, ते त्याच्या तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. त्यांचा चौथा गडी क्लाससाठी कोट्याला गेला आणि जागा रिकामी झाली.

मुक्ता मला म्हणाली, "आजोबा, बसता का?"

गेल्या दोन वर्षांत या मुलीने मला 'वाय-फाय बंद केलंत का' यापलीकडे काही विचारलेलं नव्हतं. मी हो म्हणालो. तुम्ही नसतं म्हटलं?

आधी आपलं पात्र तयार करायचं असतं. त्याचा एक छापील कागद असतो. फासे टाकून गुण मिळवायचे. माझ्या वाट्याला मांत्रिक आला. त्याची शक्ती पाच, बुद्धी सतरा. इथवर निभावलं. पण कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं होतं: स्वभाव, खोडी, भीती, बोलण्याची लकब. त्या कोऱ्या बाजूकडे मी तीन दिवस बघत बसलो. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. नेच्यांवर, म्हणजे ज्यांना तुम्ही फर्न म्हणता त्यांच्यावर, माझी पीएच.डी. एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिलं नाही. नसलेला माणूस कुठून आणू?

मुक्ताने उपाय सांगितला. म्हणाली, ओळखीचा एखादा माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्याला झगा घाला, सगळे तेच करतात.

माझ्या डोळ्यांपुढे दामोदरराव आले.

दामोदरराव म्हणजे माझे व्याही, सून सारिकाचे वडील. उरणकडचे कोळी. घरची होडी होती, पुढे बंदरात लाँच चालवणारे सारंग झाले, आता निवृत्त. माणूस सोन्यासारखा. पण डॉक्टरला औषध सांगणार, रिक्षावाल्याला रस्ता सांगणार, विमानतळ कुठे व्हायला हवा होता ते सगळ्यांना सांगणार. 'मी जास्त बोलत नाय' असं म्हणून पाऊण तास बोलणार. भर समुद्रात गाठलेल्या एका वादळाची गोष्ट मी चौदा वेळा ऐकली आहे. जेवायला वाढलं की नको नको म्हणणार आणि सगळ्यांच्या नंतर उठणार. त्यांना न विचारता काही ठरवलं, की दोन दिवस तोंड फुगलेलं.

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नव्हतं. त्याला कारण आहे. अठरा वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना, घाबरून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मी दामोदररावांना विचारलं होतं की तुमच्याकडे वाचनाची आवड कितपत आहे. त्यांना तो टोमणा वाटला. पुढची सात वर्षं ते आमच्या दारापर्यंत यायचे, मासळीची पिशवी सारिकाच्या हातात द्यायचे आणि पाणीही न घेता परत जायचे. सारिका दार लावून स्वयंपाकघरात जायची, आणि एकटीच ती मासळी साफ करत बसायची. ते आत येऊन बसायला लागले, त्यानंतर मी शब्द अन् शब्द तोलून बोलतो. ते नातं पुन्हा तुटलं तर जोडायला माझ्याकडे सात वर्षं उरलेली नाहीत.

पण कागदावर कोण बघतंय? मी लिहीत सुटलो. दीड पान भरलं. इतकं सुचलं, इतकं सुचलं, की प्रबंध लिहिताना हे व्हायला हवं होतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाचलं. हे तर दामोदररावच. मुक्ता वाचणार, ती आईला सांगणार, आई वडिलांना सांगणार. फाडून टाकावं? पण मग मुक्ताला काय दाखवू? शेवटी ठरवलं, वेश बदलायचा. शास्त्रीय पद्धतीने, एकेक लक्षण घेऊन.

दामोदरराव बुटके आणि भरदार. मी मांत्रिकाला उंच आणि काटकुळं केलं. त्यांना झुपकेदार मिशा. मी मांत्रिकाची मिशी काढली आणि जाड भिंगांचा चष्मा लावला. ते मासळीशिवाय जेवत नाहीत. मांत्रिक शाकाहारी झाला. ते कशालाच घाबरत नाहीत. मांत्रिकाला मी आजारांची, लिफ्टची आणि कडी लागली नसेल याची भीती दिली. उरलं ते वादळ. ते काढून मी लिहिलं की तरुणपणी कर्नाळ्यासारख्या एका गडाच्या कड्यावर मांत्रिकाला एक दुर्मिळ वनस्पती सापडली होती आणि ती गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो.

पुन्हा वाचलं. दामोदररावांचा मागमूस राहिला नव्हता. मला माझ्या बुद्धीचा अभिमान वाटला. हो, वाटला, खोटं कशाला सांगू?

रविवारी चारला आम्ही बसलो, आणि बेल वाजली. दारात दामोदरराव, हातात कोलंबीची पिशवी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते, पनवेलला आलोच आहे तर नातीला बघून जाऊ म्हणाले. खुर्ची ओढून आमच्याजवळच बसले आणि ह्यो काय खेळ हाय, ते विचारायला लागले.

माझा सगळा शास्त्रीय आत्मविश्वास तिथेच गळाला. स्वभाव तर मी तोच ठेवला होता ना! मांत्रिकाने तोंड उघडलं, की ते ओळखणार. मी घाईघाईने म्हणालो की माझं डोकं दुखतंय, मी आज खेळत नाही, आणि कागद उचलून उठलो. वाटलं, सुटलो.

मुक्ताने माझ्या हातातून कागद अलगद काढून घेतला. म्हणाली, "तुम्ही पडा आजोबा. तुमचा मांत्रिक उरणचे आजोबा खेळतील."

म्हणजे बघा. मी गप्प बसलो असतो, तर तो कागद माझ्याच हातात राहिला असता.

दामोदररावांनी खिशातून चष्मा काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, एकेक शब्दावर थांबत. "सगळ्यांना सल्ला देतो... कुणी विचारला नसला तरी." थांबले. "जास्त बोलत नाही असं म्हणतो... आणि थांबत नाही." पुन्हा थांबले. सारिका चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. न विचारता ठरवलं की रुसतो, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मी सोफ्याचा हात धरून उभा होतो. वाचून झालं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, ह्ये तुमी लिवलंत?"

मी म्हणालो की हे सगळं काल्पनिक आहे, खेळापुरतं आहे, मनावर घेऊ नका.

"दम लागतो," ते म्हणाले. "सोताला असं चारचौघांत उघडं करायला दम लागतो. आमच्यान नसतं झालं."

मला आधी काही कळेना. मग बघतो तर झोया ओठ दाबून हसत होती. ओंकार म्हणाला की चष्म्यापाशीच त्याला समजलं होतं. मुक्ता म्हणाली, "आजोबा, कर्नाळ्याचा नेचापण घातलात?" सारिकाच्या हातातला ट्रे हलत होता. ती हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

मी ओरडलोच. हा मी नाही, मी असा नाही, हा दुसराच कुणीतरी आहे.

दामोदररावांनी अगदी सरळपणे विचारलं, "मंग कोन हाय?"

आता सांगा, काय उत्तर देणार होतो मी? हॉलमध्ये पाच माणसं माझ्याकडे बघत होती. सारिका बघत होती. खरं बोललो असतो तर कोलंबी दारातून परत गेली असती.

मी म्हणालो, "मीच."

दामोदरराव उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लबाडीबद्दल मला प्रामाणिक म्हणून मान मिळाला, आणि तो मी घेतला. मग ते मांत्रिक खेळायला बसले. दोन तास. आवाज माझा, बोट नाचवणं माझं, वाक्याच्या मधोमध थांबून चष्मा पुसणंही माझं. गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा, योद्ध्याची तलवार बाहेर, आणि मांत्रिक राक्षसाला समजावतोय की गुहेत ओल फार आहे, छातीला बाधेल. मुलं जमिनीवर लोळत होती. मी सोफ्यावर बसून मोजत होतो, यात माझं काय आणि त्यांचं काय. वेगळं काढता येईना. मी त्यांच्या म्हणून लिहिलेल्या खोडीही ते माझ्या म्हणून करत होते, आणि त्या हुबेहूब माझ्याच होत्या.

त्यानंतर दामोदरराव दर रविवारी येतात. मुलांनी ठरवलं की मांत्रिक त्यांच्याकडेच राहू दे, त्यांना तो जास्त जमतो. मला विचारलं नाही. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, तर सारिका म्हणाली की हेही कागदावर आहे.

गेल्या रविवारी मांत्रिकाने एका जखमी चेटकिणीला आहाराबद्दल सल्ला द्यायला सुरुवात केली. माझा धीर सुटला. मी म्हणालो, "हे बघा, मी असं अजिबात बोलत नाही."

ओंकारने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "आजोबा, प्लीज. ज्याचं पात्र आहे त्यालाच बोलू द्या."