टाकव्याला शोधला, वलवणला सापडला

आता हसणारच असाल, तर चहा आधी संपवा. ठसका लागला तर मला बोल लावू नका. माझ्या पाठीची फजिती सांगतो.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. लोणावळ्याच्या एका कारखान्यात मी विम्याचा कारकून होतो, राहायला जवळच वलवणला. कामगार आजारी पडला की त्याच्या औषधपाण्याचे कागद माझ्या टेबलावर यायचे. सही नाही? परत. शिक्का पुसट? परत. मी कुणावर अन्याय केला नाही, सगळ्यांचेच परत पाठवले.

तर असल्याच नामंजूर फॉर्मांचं गाठोडं कपाटावर ठेवायला गेलो आणि पाठीत अशी कळ आली की वाकलो तो वाकलेलाच राहिलो. उसण! घरी जाताना रस्त्यात मला लोक चपलांवरून ओळखावे लागले.

तो गुरुवार. आणि सोमवारी हेडक्लार्कच्या जागेसाठी मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं होतं. कळलं ना? उभं.

विम्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, मालिश-व्यायामाचे तज्ज्ञ पुण्याला आहेत, पुढच्या महिन्यात बघू.

आमची सुमन शेक देता देता म्हणाली, "अहो, उसणीला पायाळू माणसाचा पाय लावतात. मी काय म्हणते…"

"विम्यात बसतं का?"

"ते नाही माहीत, पण माझा…"

"मग राहू दे!"

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर आले तो. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नव्हतो. शुक्रवारी चहा तोंडाऐवजी शर्टाला पाजला, तेव्हा मानायला लागलो.

पण बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? शनिवारी "पुण्याला जाऊन येतो" असं सांगून निघालो. आमच्या शिपायाने टाकव्याच्या एका पायाळू आबांचं नाव दिलं होतं. आगगाडीने कान्हे स्टेशनापर्यंत, तिथून बैलगाडीने टाकवे. उसण भरलेल्या माणसाने बैलगाडीत बसू नये, एवढंच सांगतो.

आबा ओट्यावर बसले होते. मी खिशातून फॉर्म काढला. जित्याची खोड!

"आबा, तुमचा इलाज विम्यात बसतो का?"

"बसून न्हाई जमत, पावनं. पालथं पडावं लागतं."

"तसं नव्हे. इथे सही लागेल. शिक्षण, नोंदणीचा नंबर…"

"पायाकडनं जल्मलो, येवढंच शिक्शान," म्हणत आबांनी फॉर्म परत दिला. माझ्या हातात फॉर्म परत येण्याची ती पहिलीच वेळ. "आन माजा गुडगाच गेलाय. पाय उचलंना. तुमी कुटनं आला?"

"वलवणहून."

"आरं द्येवा! मंग हितं कशाला तडफडत आलात? वलवणलाच एक बाई हाय. लय गुन तिच्या पायाला. धरनाच्या रस्त्याला, दारात चाफा हाय बगा."

त्या रस्त्याला आणखी कुणाच्या तरी दारात चाफा असेलच, असं मी मनाला सांगितलं.

"पन घरी तिचा मालक न्हाई बगून जावा," आबा म्हणाले. "लय किरकिरा मानूस हाय म्हनं. कारखान्यात गरिबाचं इम्याचं कागद परत धाडतो, त्योच."

बैलगाडीवाला खो खो हसला. मी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

घरी पोचलो, तर माझ्याच ओट्यावर चार माणसं! मी आत शिरणार, तोच एक म्हातारी ओरडली, "ओ भाऊ! लाईन हाय, मागं बसा! आज मालक पुन्याला गेलाय, म्हनून गर्दी हाय."

वाकलेल्या माणसाचं तोंड कोण बघतंय? बसलो. स्वतःच्या घरात पाचवा नंबर.

पाळी आली तसा उंबऱ्याशी पालथा पडलो.

"कुठे दुखतंय?" सुमनने विचारलं.

"तू पायाळू आहेस हे बारा वर्षांत सांगितलं नाहीस?"

तिने आवाज ओळखला. मग म्हणाली, "परवा सांगतच होते. वाक्य पुरं करू दिलंत?"

पण तिचा पायही उचलेना. नवऱ्याला पाय लावायचा, म्हणजे पापच की! शेवटी म्हातारीने तोड काढली, "आदी पाया पड, मंग पाय लाव."

सुमनने वाकून नमस्कार केला, पदर खोचला, पाय उचलला आणि तसाच वर धरून विचारलं, "अहो, पण विम्यात बसतं का?"

"लाव गं बाई!"

तीनदा पाय लागला. पहिले दोन उसणीसाठी होते. तिसरा 'मग राहू दे'साठी असावा, कारण तो जरा जोरात होता.

सोमवारी साहेबांसमोर ताठ उभा राहिलो. हेडक्लार्क झालो. कारखान्यात मला बघून लोक उभे राहू लागले. पण शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की मी थेट घरी जात नसे. धरणाच्या भिंतीशी बसून राहायचो. सगळी लाईन संपली की सुमन निरोप पाठवायची. मालक घरात असला की पायाला गुण येत नाही, असं म्हातारीने तिला पटवून दिलं होतं.