पुढच्या सीटवरची बाई

खाकी कपड्यांची भीती मला लहानपणापासून आहे. का, ते सांगता येत नाही. आमच्या घरातल्या कोणाला कधी पोलिसांनी नेलं नाही, कोणाचं भांडण चौकीपर्यंत गेलं नाही. सारंगखेड्याच्या बाजूची शेतकरी माणसं आम्ही, भांडलो तरी बांधावरच भांडणारी. तरी शिट्टी वाजली की मी रस्त्याची कड धरते. बावन्न वर्षांची शिक्षिका मी, वर्गातल्या चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवते. पण नाक्यावर हवालदाराने हात दाखवला की माझ्या तोंडचं पाणी पळतं.

नोकरी मात्र धडगावला. म्हणजे घरून यष्टीने शहादा आणि तिथून पुढे घाटातली काळी-पिवळी जीप. अकरा वर्षं मी या रस्त्याने ये-जा करते आणि अकरा वर्षं एकाच ड्रायव्हरच्या जीपने. तो आमच्याच भागातला, अहिराणी बोलणारा, सडपातळ, बडबड्या. पोलिसांचं लक्ष कशाने जातं, याचा त्याचा मोठा अभ्यास. नाका दिसल्यावर एकदम ब्रेक मारला की गेलात. नाक्यापाशी येऊन घाईघाईने पट्टा लावला की गेलात. गाडीला नवे गोंडे लावले, गाणी मोठ्याने लावली, नाक्याच्या अलीकडून गाडी वळवली, तर मग विचारायलाच नको. मलाही त्याने धडा दिला होता. "मॅडम, पोलीसना डोयामा देखानं नही, आनि तोंड फिरावानं बी नही." डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि तोंडही फिरवायचं नाही.

माझी जागा ठरलेली. पुढे, त्याच्या शेजारी. खळ घातलेली साडी, चष्मा, मांडीवर पर्स. अशी बाई पुढे बसली की गाडी सभ्य दिसते, असं तो उघड म्हणायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मागे बारा-पंधरा माणसं कोंबलेली असताना मी पुढे ऐसपैस बसून डोंगर बघायची.

त्याचं सगळ्यात मोठं कसब वेगळंच होतं. पोलीस माणसं मोजत नाहीत, आधी गाडी मागून किती बसली आहे ते बघतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून घाटाखालच्या नाक्याच्या अर्धा किलोमीटर अलीकडे, एका चिंचेपाशी, तो जीप थांबवायचा. मागची माणसं निमूट उतरायची, गाठोडी डोक्यावर घ्यायची आणि रस्त्याच्या कडेने चालत नाका ओलांडायची. ती नाक्यापलीकडच्या फरशी पुलाशी पोचेपर्यंत जीप चिंचेखाली थांबायची, मग जवळजवळ रिकामीच नाका ओलांडून पुलाजवळ जायची. तिथे पुन्हा सगळे आत. चालणाऱ्यांना एकच नियम होता, जीपकडे बघायचं नाही. काहीही झालं तरी ती गाडी आपली नाही. डोंगरातल्या लोकांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की चिंच आली की कोणी न सांगता उठायचे. नाक्यावरच्या जुन्या पोलिसांनाही ते माहीत असणार. पण सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी मी वर निघाले होते. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीसाठी परत येत होती, त्यामुळे जीप भरून वाहत होती. माझ्या मागच्या सीटवर एक पावरा आदिवासी बाई होती. फार तर तेवीस-चोवीस वर्षांची. मांडीवर झोपलेलं तान्हं, बाजूला तीनेक वर्षांची मुलगी, पायाशी भांड्याकुंड्यांचं गाठोडं.

चिंच आली. मागचे सगळे उतरले. ती गाठोडं डोक्यावर घेऊन, मुलीचा हात धरून उभी राहिली आणि तिला तान्हं घ्यायला हातच उरला नाही. ऊन रणरणत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, झोपेल शे ते. मॅडमपा दे." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीतून ते मूल माझ्या हातात दिलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, धुराच्या वासाचं, गरम. मीही घेतलं. दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता.

नाक्यावर नवे साहेब होते. होळीचा बंदोबस्त असावा, चार-पाच पोलीस आणि आडवं लावलेलं बॅरिकेड. ड्रायव्हर सगळे नियम पाळत हळूहळू गेला, तरी हात आडवा आलाच. कागदपत्रं बघून झाली. ती चोख होती. मग साहेब माझ्या बाजूला आले आणि त्यांनी मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं.

"बाळ तुमचं?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले? आजही रात्रंदिवस विचार केला तरी उत्तर एकच येतं, भीतीने. नाही म्हटलं तर कोणाचं ते सांगावं लागेल, मग चिंचेपाशी उतरवलेली माणसं निघतील, मग गाडी अडकेल, एवढं सगळं डोक्यात आलं आणि तोंडाने हो म्हणून टाकलं. साहेबांनी माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, त्या विटक्या लुगड्याकडे पाहिलं.

"मुलगा की मुलगी?"

मला माहीत नव्हतं.

मी काहीतरी पुटपुटले, नातेवाईकांचं आहे असं काहीसं. "खाली उतरा," साहेब म्हणाले. उतरताना चप्पल पायातून निसटली आणि बाळ जागं होऊन रडायला लागलं.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. आमच्या शाळेत तर अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून मीच पालकांना वाचून दाखवलं होतं. एका बाजारात दोन फेरीवाल्यांना लोकांनी मारल्याचं ऐकलं होतं. नाक्याशेजारच्या चहाच्या टपरीवरून माणसं उठली. मोटारसायकली थांबल्या. कोणीतरी मोबाईल वर धरला.

"कोनं पोर शे हाई?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "पोरे चोरनारी शे हाई. लुगडं देख ना, डोंगरमातलं पोर शे."

मी शिक्षिका आहे, मी धडगावला असते, असं सांगायचा प्रयत्न केला. कोणी ऐकून घेईना. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्याच्या शेजारी बसले तो माणूस. तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "साहेब, माले ठाऊक नही. मॅडम कथाईन लई वन्यात ते." मॅडमनी ते कुठून आणलं, ते म्हणे त्याला ठाऊकच नाही.

मग मात्र माझा धीर सुटला. "याची आई पुढे आहे," मी ओरडले. "पुलापाशी आहे. चालत गेली आहे." गर्दीत कोणी हसलं. साहेबांनी एका शिपायाला पुलाकडे पाठवलं. पूल तिथून दिसत होता, पुलाशेजारी झाडाखाली बसलेली माणसंही दिसत होती. शिपाई त्यांच्यापुढे उभा राहिलेला दिसला. कोणी उठलं नाही. तो परत आला. "साहेब, कोणी आपलं म्हणत नाही."

त्यांना तेच शिकवलेलं होतं. ती गाडी आपली नाही.

गर्दी इतकी जवळ आली होती की मला लोकांच्या तोंडाचा तंबाखूचा वास येत होता. कोणीतरी माझा पदर ओढला. बाळ किंचाळत होतं, आणि माझ्या मनात एकच होतं, हे माझ्या हातात नको. हातात नसलं तर मारणार नाहीत. मी ते साहेबांपुढे धरलं, त्यांनी घेतलं नाही. मी बाजूच्या माणसापुढे धरलं, तो मागे सरला. "हे माझं नाही," मी म्हणत होते, "माझा काही संबंध नाही." आणि मी ते मूल जीपच्या बॉनेटवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

बारा वाजले होते. शहाद्यापासून चालत आलेलं इंजिन खाली होतं आणि वरून मार्चचं ऊन.

पुलाकडून कोणीतरी पळत येताना दिसलं. अनवाणी. तीच होती. शिपाई विचारायला गेला तेव्हा ती उठली नव्हती, आता मात्र ती गर्दी फाडत आली, बॉनेटवरून मूल उचललं, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला सगळ्यांकडे पाठ करून बसून त्याला पाजायला घेतलं. रडणं थांबलं. गर्दीला काही सांगावं लागलं नाही. मोबाईल खाली आले.

साहेब तिच्यावर खेकसले. असं कोणाच्याही हातात पोर देतात का? ती मान न वळवता काहीतरी बोलली. तिच्या मागोमाग आलेल्या एका म्हाताऱ्याने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, मॅडम पुढं बसते. पुढच्या माणसाला पोलीस काही करत नाही. पोर तिथं चांगलं राहील, म्हणून दिलं."

जीप तिथेच ठेवून घेतली. आम्हाला सगळ्यांना यष्टीने जायला सांगितलं. ड्रायव्हरने माझी पिशवी काढून दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्याचा राग येईना. त्याने जे केलं तेच मी केलं होतं, आणि माझ्या हातात तर तान्हं मूल होतं. मला त्या बाळाच्या आईशी बोलायचं होतं. अकरा वर्षं त्या लोकांची मुलं शिकवून मला त्यांच्या पावरी बोलीतलं बसा, उठा आणि पाणी एवढंच येत होतं. माफी मागायला त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता.

बस आली, तीही गच्च. मला दाराजवळ जागा मिळाली, म्हातारा माझ्या मागे दोन सीट सोडून बसला. ती शेवटी चढली. लुगडं बाजूला झालं होतं आणि बाळाच्या पाठीवर तळहाताएवढा लाल चट्टा मला दिसला. गाठोडं वरच्या फळीवर टाकायला तिला दोन्ही हात हवे होते. तिने मूल कोणाकडे द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मला ओलांडून मागे गेली आणि हात थरथरणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर मूल ठेवून आली.