वरून प्यायलेलं पाणी

पाण्यात पुदिना टाकला की त्या वासासरशी मला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॅरी गावातला एक पोर्च आठवतो. २००३ चा उन्हाळा होता. मी नुकताच पुण्याहून आलो होतो, अजून गाडी घेतली नव्हती, म्हणून दूध-भाजीच्या पिशव्या घेऊन पाइनच्या झाडांखालून चालतच घरी यायचो. शनिवार-रविवार माझ्याशी एकही माणूस बोलायचा नाही. अशाच एका शनिवारी पोर्चवर बसलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी मला हाक मारली, खुर्ची दिली आणि पुदिना घातलेल्या गार पाण्याचा ग्लास हातात ठेवला. मी सवयीने ग्लास उंच धरून पाणी वरूनच घशात सोडलं. बाई ग्लासाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लहान असताना इथे आम्हा काळ्यांचे प्यायच्या पाण्याचे नळ वेगळे होते. एकदा मला उन्हाने चक्कर आली, तेव्हा एका गोऱ्या बाईने स्वतःच्या ग्लासातलं पाणी मला पाजलं आणि उरलेलं सगळ्यांसमोर ती स्वतः प्यायली. तू का नाही तोंड लावलंस?" "आमच्याकडे सगळे असंच पितात," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण पुण्याच्या घरी कामाच्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असायचा, हे सांगायचं मी टाळलं. बाईंनी हसून ग्लास पुन्हा भरला. पुढच्या शनिवारपासून मी पलीकडच्या रस्त्याने जायला लागलो. आता या घरात मी एकटाच राहतो. माझं उष्टं ज्याला चालणार नाही असं दुसरं कोणीच नाही, तरी ग्लास ओठांपासून वीतभर वरच थांबतो.